बाटल्यांशिवाय आणलेलं यंत्र

लातूरच्या एका दुकानदाराने मला फसवलं, आणि त्याने दिलेल्या यंत्राच्या जोरावर मी भोकरकडच्या एका घराची इज्जत घालवली. पहिली गोष्ट मी चारचौघांत ओरडून सांगतो. दुसरी सांगताना जीभ उचलत नाही, म्हणून लिहितो आहे.

मुदखेडला माझं मोटार-पाइपचं दुकान आहे. बोअरच्या गाडीवर पाइप उचलत सुरुवात केली, आयतं काही मिळालं नाही. आता बोअरला पाणी लागलं की लोक मोटार कोणती बसवायची ते मला विचारतात, आणि अलीकडे हेही विचारतात की पाणी पिण्याजोगं आहे का. आमच्या भागात काही बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असतं. त्याने पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढे गुडघे वाकतात. नांदेडच्या प्रयोगशाळेत बाटली पाठवून वाट बघायला गिऱ्हाईक तयार नसतं. म्हणून जागेवरच फ्लोराईड मोजणारं, हातात मावणारं यंत्र घ्यायला लातूरला गेलो.

भाव करताना मी घाई करत नाही. दुकानदाराचा चहा झाला, माझा गार झाला, तरी तो खाली येईना. पेटीत यंत्राबरोबर दोन छोट्या बाटल्या होत्या. फ्लोराईड किती आहे हे आधीच ठाऊक असलेलं पाणी त्यात असतं. यंत्राचा आकडा त्याच्याशी ताडून यंत्र जुळवायला ते लागतं, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मग बाटल्या काढून ठेव आणि माझ्या भावात दे. तो वैतागला होता. तरी मी विचारलंच, "याच्याबिगर चालतं का?"

"चालतंय की, मालक."

त्याने दुकानातल्या पाण्यात यंत्र बुडवून दाखवलं. हिरवा दिवा लागला, म्हणजे पाणी चांगलं. बाटल्या फळीवर गेल्या आणि मी सौदा जिंकून परत आलो.

पुढे माझ्या मुलीचं जमत आलं. मुलगा भोकरजवळच्या गावचा, घरची शेती. दोघांची पसंती झाली होती, फोनवर बोलणं चालू होतं. राहिलं होतं फक्त घर बघणं. आमच्याकडे मुलगी द्यायची तर शिवाराआधी पाणी बघतात. जुनी माणसं घोटभर तोंडात धरून चव सांगायची. मी खिशात यंत्र घेऊन गेलो.

मुलाचे वडील स्वतः तांब्या आणि गूळ घेऊन ओट्यावर आले. मी गुळाला हात लावला नाही. फुलपात्रात पाणी ओतलं आणि सगळ्यांच्या देखत यंत्र त्यात बुडवलं. लाल दिवा लागला.

"या पाण्यावर माझी पोरगी येणार न्हाई," मी म्हणालो. आवाजसुद्धा खाली केला नाही. मुलाची आई दारात उभी राहून माझ्या बायकोशी हसत बोलत होती. तिने पदर तोंडावर ओढला.

"पाव्हणं, हेच पाणी आम्ही जल्मापासून पितो," मुलाचे वडील म्हणाले. "आमचे दात बघा."

"दाताचं काय घेऊन बसलात? यंत्र सांगून राहिलंय."

"बघा तर. देवणीचा बैल घेताना बघता न्हाई का, तसं बघा."

ते माझ्यासमोर बसले, हनुवटी वर केली आणि तोंड उघडलं. माझ्या वयाचा माणूस, स्वतःच्या ओट्यावर, शेजारीपाजारी बघत असताना. मी त्यांना हाताला धरून उठवायला हवं होतं. मी वाकून बघितलं. माल समोर मांडला की वाकून बघायची सवयच आहे मला. दात दाढेपर्यंत पांढरे होते. ते बघूनही मी चपला घातल्या आणि निघालो. घासाघीस करून आणलेली वस्तू खोटी असेल, हे मनात येऊच दिलं नाही.

काही दिवसांनी बायकोच्या फोनवर प्रयोगशाळेच्या कागदाचा फोटो आला. मुलाच्या वडिलांनी पाणी नांदेडला तपासून घेतलं होतं. पाणी चांगलं होतं.

मी माझ्या दुकानात गेलो, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन फोडला आणि यंत्र बुडवलं. त्या पाण्यात काहीच नसतं. लाल दिवा लागला. तसाच लातूर गाठला. दुकानदार शांतपणे म्हणाला की बाटल्यांच्या पाण्यात अधूनमधून जुळवलं नाही तर यंत्र भरकटतंच.

"तू चालतं म्हणालास."

"चाललं की. किती दिवस चालतं ते तुम्ही कुठं विचारलं?"

मी गल्ल्यावर हात आपटला, नको ते बोललो. त्याने बाटल्या पुढे सरकवल्या. म्हणे, फुकट न्या.

घरी मुलगी म्हणाली, "अप्पा, माझा फोन त्यांच्या आईनं उचलला. तोंडावर हात धरून बोलल्यासारखा आवाज येत होता. लग्नाचं राहू द्या, आधी त्यांच्या दारात जा."

गेलो. ओट्याखालीच उभा राहिलो, यंत्र खोटं होतं म्हणालो. मुलाच्या वडिलांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी प्यालो. मग ते म्हणाले की आता या घरचं पाणी खराब असल्याचं गावोगाव झालं आहे, मुलाच्या धाकट्या बहिणीला बघायला येणारेही तेच विचारतात. "तुमच्या बोलण्यावर कोण इस्वास ठेवंल? ज्यानं विकलं त्याला आणा. इथं बसून सांगू द्या. मग पोरांचं बघू."

दुकानदार आता माझा फोन उचलत नाही. यंत्र मी परत करणार नाही, बाटल्या मला नकोत. मला तो माणूस हवा आहे. किती दिवस चालतं हे मी विचारलं नाही, पण ठाऊक त्याला होतं. त्याने माझ्या गाडीत बसावं, त्या ओट्यावर यावं, मुलाच्या आईसमोर आणि तिथे जमलेल्या प्रत्येक माणसासमोर सांगावं की हे यंत्र जुळवल्याशिवाय खोटं बोलतं हे ठाऊक असून आपण "चालतंय" म्हणालो. मी त्याच्या शेजारी उभा राहीन. माझं मी सांगेन. त्याचं त्याने सांगावं.