स्वारांचा चिकटलेला क्लच

पाणीपुरवठा खात्यातल्या त्या कारकुनाला सगळे ‘स्वार’ म्हणत. हे नाव त्याने स्वतःच पाडून घेतलं होतं. डबा उघडला की याच्या घाटातल्या वळणांना सुरुवात. ऐकणाऱ्यांची भाजी गार व्हायची, पण याचा घाट काही संपायचा नाही. ज्या मोटरसायकलच्या या गोष्टी, ती मात्र कित्येक वर्षं घरातल्या पुढच्या खोलीत चादर पांघरून झोपली होती.

“क्लच चिकटलाय हो,” तो सांगायचा. “नाहीतर मी काय इथे बसलो असतो?”

खरं सांगायचं तर एकदा वळणावर गाडी घसरली, गुडघा फुटला आणि स्वारसाहेबांनी जी धास्ती घेतली ती घेतलीच. पुढे उभ्या उभ्या गाडीचा क्लच चिकटला, तेव्हा याला देव पावल्यासारखं झालं. आता भित्रा म्हणायची कुणाची टाप होती?

पण बायकोला शाळेचे गणवेश शिवायचं मोठं काम मिळालं. शिलाई मशीनला जागा हवी, आणि जागेवर या महाराणी पहुडलेल्या.

“बंद गाडी बाहेर ठेवली तर गंजेल ना,” तो म्हणाला.

“मग चालू करू.”

त्याने गाडीवरची चादर आणखी घट्ट खोचली.

ती कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला सगळं नीट विचारून आली. जुन्या ऑइलने आतल्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. ऑइल बदला, इंजिन गरम करून बंद करा, मग गिअर टाकून, क्लच दाबून गाडी पुढेमागे रेटा.

रविवारी गाडी दारात आली. किक मारून मारून स्वाराचा जीव मेटाकुटीला आला, तेव्हा कुठे इंजिन खोकत सुरू झालं. ते तापल्यावर तिने बंद केलं, गिअर टाकला, क्लचचा दांडा कापडाच्या पट्टीने हँडलला आवळून बांधला आणि मागून रेटायला लागली. तो पुढून ओढत होता. म्हणजे चेहरा तसा करत होता. मनात एकच धावा: नको सुटूस गं बाई, नको सुटूस!

टक्! चाक मोकळं फिरलं.

“सुटला!” ती ओरडली. “अहो, मारा आता एक चक्कर!”

समोरच्या गॅलरीत शेजारी येऊन उभे राहिले. फुकटचा तमाशा कोण सोडतो? गिअर काढून, पट्टी सोडून तो बसला. गाडी सुरू केली. क्लच दाबून पहिला गिअर टाकला, आणि हात काही सुटेना. बोटं दुखायला लागली, तरी सैल होईनात. ती जवळ आली.

“मला भीती वाटते गं,” तो पुटपुटला. इतक्या वर्षांत गाडीबद्दल तो पहिल्यांदाच खरं बोलला.

ती हसली नाही. हात पुढे करून तिने किल्ली फिरवली आणि गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पेट्रोल संपलं वाटतं! राहू दे आता. इथेच लावा भिंतीशी.”

सकाळी कॅनमधून पेट्रोल आणून टाकी तिनेच काठोकाठ भरली होती. स्वार खाली उतरला, गाडी भिंतीशी लावली आणि मशीन उचलायला तिच्या मागोमाग आत गेला.