उलटा राजा, सरळ बाई

कुसुमवहिनींबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण लिहिलं की त्यांच्या नाण्याबद्दलही लिहावं लागतं.

वहिनी म्हणजे माझ्याबरोबर जहाजावर इंजिनीअर असलेल्या मित्राची बायको. परदेशात, बुकित पंजांगला, आमच्याच ब्लॉकमध्ये राहायच्या. मित्र गेल्यावरही माहेरून आलेलं सोन्याचं रोमन नाणं त्यांच्या गळ्यात असायचं. "आता हे कशाला?" असं कोणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "नवऱ्याने घातलं नव्हतं, मग त्याच्यापायी का उतरवू?" तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवालाही त्या ते घालून येत, मधल्या खुर्चीत बसत आणि हात पुढे करत. "वाण द्या गं, थांबलात काय?"

नाण्याच्या एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला नागाला वाटीतून पाजणारी बाई. मला जुन्या नाण्यांचा नाद. मी सांगितलं, "ही रोमन लोकांची आरोग्यदेवी, सालुस."

"सालुस? म्हणजे सालसच की! शिवाय नागपंचमी करते. आमचीच आहे, भावजी."

स्वतः वहिनी सालस अजिबात नव्हत्या.

राजाच्या डोक्याच्या वर, कडेशी, दोन भोकं होती. नाणं रोमहून आपल्याकडे आल्यावर कुणीतरी ते गळ्यात घालायला पाडलेली. एकदा कडी तुटली म्हणून वहिनींनी नाणं माझ्याकडे दिलं. मी सोनाराकडून भोकंच बुजवून आणली. त्यांना न विचारता. नाणं अखंड हवं, ही माझी हौस.

वहिनींनी त्यावरून बोट फिरवलं. "इथून किती जणींचा दोरा गेला असेल! तुम्ही बुजवलंत?"

मी जतन, किंमत असलं काहीबाही बोलू लागलो. त्यांनी नाणं पोळपाटावर ठेवलं, खालच्या कडेला खिळा धरला आणि वरवंटा हाणून नवं भोक पाडलं.

"वहिनी, राजाचा गळा!"

"असू दे. त्याला सरळ टांगायचं म्हणून मागची बाई कायम उलटी लोंबायची. आता तो लोंबू दे."

तसंच घातलं त्यांनी, शेवटपर्यंत.

पुढे त्या मैत्रिणींबरोबर बाटम बेटावर फिरायला निघाल्या, तेव्हा मी मुद्दाम हार्बरफ्रंटच्या धक्क्यावर गेलो.

"काय भावजी, तोंड का पाडलंय? बोला लवकर, फेरी सुटेल."

"छत्री घेतलीत ना?"

"हे विचारायला इतक्या लांब आलात?" हसत त्या आत गेल्या. परत आल्या आणि थोड्याच दिवसांत झोपेत गेल्या.

धक्क्यावर म्हणायचं होतं ते एवढंच: वहिनी, नाणं तुमचं होतं. मी विचारायला हवं होतं. चुकलं माझं.