शंभर पावलांवरचा चुन्याचा ठिपका

उत्रोलीत सोनबाच्या ओट्यापासून शंभर पावलांवर, भातखाचरांच्या पलीकडे, स्मशानाची पत्र्याची शेड आहे. तिच्या कडेच्या खांबावर भाकरीएवढा चुन्याचा ठिपका आहे. गावात नवीन आलेल्या सुना तो पाहून घाबरतात. मग कुणीतरी सांगतं, "अगं, त्यो सोनबातात्याचा हाय," आणि त्या जरा जास्तच घाबरतात.

ठिपक्यामागे मंत्रतंत्र काही नव्हतं. सोनबा फौजेत चोवीस वर्षं हत्यारं दुरुस्त करायच्या कामावर होता. पेन्शन घेऊन गावी आला तेव्हा भोर-वेल्ह्याकडचे परवानेवाले शेतकरी आपापल्या रायफली घेऊन त्याच्याकडे येऊ लागले. रायफलीवर नवी दुर्बीण बसवली की ती नळीशी जुळवावी लागते. नळी एकीकडे बघते आणि दुर्बीण दुसरीकडे, असं चालत नाही. त्यासाठी लांबवर एक खूण लागते, जी हलत नाही आणि जिच्या आड कुणी येत नाही. झाड वाऱ्यानं हलतं. देवळाच्या भिंतीपुढे पत्त्यांचा डाव बसतो. स्मशानापुढून उगाच कुणी जात नाही, आणि जो जातो त्याला घाई नसते.

कामाची रीत साधी होती. बाभळीच्या लाकडाची घोडी ओट्यावर ठेवायची, तिच्यात कोंड्याच्या दोन पिशव्या, त्यांच्यात रायफल घट्ट बसवायची. काडतूस नाही, नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्टसुद्धा काढून बाजूला. मग मागून उघड्या नळीत डोळा घालायचा. काळोख्या बोगद्याच्या टोकाला चवलीच्या नाण्याएवढा उजेड दिसतो. त्या उजेडाच्या मधोमध ठिपका येईपर्यंत पिशव्या हळूहळू चेपायच्या. आला, की रायफलीला धक्का न लावता दुर्बिणीत बघायचं आणि वरच्या नि कडेच्या चकत्या टिक-टिक फिरवून दुर्बिणीतली फुलीही त्याच ठिपक्यावर आणायची. पुन्हा नळीत, पुन्हा दुर्बिणीत. दोन्हींचं एकमत झालं की संपलं.

खरं तर तिथे संपत नाही. फौजेत सोनबाच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नळीतून बघणं म्हणजे वाटेत पत्ता विचारणं. घर सापडलं की नाही ते गोळीच सांगते. प्रत्येक रायफलीची खोड वेगळी. तीन गोळ्या कागदावर मारायच्या, भोकं कुठं पडली ते पाहायचं आणि मग चकत्यांना शेवटचा हात लावायचा.

पण परवान्यावर वर्षाला मिळणारी काडतुसं मोजकी. रानडुक्कर सोडून कागदावर तीन काडतुसं घालवणं म्हणजे या भागात लग्नाआधी वऱ्हाडाला जेवू घालून घरी पाठवण्यासारखं. त्यातून लोकांनीच ठरवून टाकलं की सोनबानं नळीत बघितलं म्हणजे कागद नको. सोनबा सुरुवातीला "कागदावर मारून बघा" असं म्हणायचा. मग पुटपुटायला लागला. मग नुसता "जा, मार" म्हणू लागला. माणसाला कौतुक पचायला किती वर्षं लागतात याचा काही हिशोब नाही. सोनबाला तीन पुरली.

आठ वर्षांपूर्वी वेल्ह्याकडच्या सोमनाथनं पुण्याहून दुर्बीण आणली. सोनबानं ती बसवली, जुळवली आणि म्हणाला, "जा, मार."

पाचव्या दिवशी दिवेलागणीला सोमनाथच्या नाचणीत डुक्कर शिरलं. सोमनाथनं नेम धरला. गोळी डुकराला लागली नाही. ती त्याच्या बाजूनं पुढे गेली. पलीकडच्या बांधावरून त्याच डुकराला हाकलायला हनुमंता पत्र्याचं डबडं घेऊन येत होता. डबडं वाजवायला त्यानं काठी उचलली होती, असं पंचनाम्यात आलं. त्याच्यामागे बायको राहिली, सखूबाई.

केस झाली. रायफल मालखान्यात गेली. डुकराच्या मागे कोण आहे हे बघणं बंदूकवाल्याचं काम, असं सगळ्यांनी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. सोनबाचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही. त्याला कुणी साक्षीलाही बोलावलं नाही. तीन वर्षांनी, निकाल लागण्याआधीच सोमनाथ वारला.

त्या घटनेनंतर सोनबानं एकच रायफल हातात घेतली, भोरच्या एका माणसाची. नळीत डोळा घातला. उजेडाच्या चवलीत ठिपका नव्हता. ठिपक्यासमोर माणूस पाठमोरा उभा होता, हातात डबडं. दुर्बिणीत पाहिलं तर मोकळा खांब आणि त्यावर पांढराशुभ्र ठिपका. पुन्हा नळीत पाहिलं, माणूस होता तिथेच.

सोनबाला यातला हिशोब पटेना. हनुमंताची माती वेल्ह्याकडे झाली होती. उत्रोलीच्या शेडशी त्याचा काही संबंध नव्हता. त्यानं तिथे येऊन उभं राहावं याला काही कारण नव्हतं.

मग सोनबानं मोतीबिंदू झाल्याचं जाहीर केलं. भोरच्या नेत्रशिबिरात डॉक्टरणीनं सांगितलं, मोतीबिंदू नाही, फक्त लांबचं अंधुक दिसायला लागलंय. चष्मा दिला. चष्मा सोनबानं घेतला आणि चिठ्ठी चुलीत घातली. लोक यायचे बंद झाले. दर दिवाळीला मात्र तो चुना कालवून ठिपक्यावर हात फिरवून येई. रतनबाईनं एकदा विचारलं, "आता कुणासाठी रंगवताय?" तो म्हणाला, "दिसायला बरं दिसतं." स्मशानाच्या शोभेची काळजी घेणारा नवरा रतनबाईनं मुकाट्यानं सांभाळून घेतला.

यंदा हळवं भात पिवळं पडत होतं तेव्हा ओट्यापुढे मोटरसायकल थांबली. तिशीचा गडी उतरला. पाठीवर खोळीतली रायफल, हातात नव्या दुर्बिणीचा डबा.

"तात्या, वळखलं का? म्या अमृत. सोमनाथआबांचा."

सोनबानं ओळखलं नव्हतं. रायफल खोळीतून बाहेर आल्यावर ओळखली. दस्त्यावरची चीर, नळीवरचा नंबर.

"कोर्टानं सोडली," अमृत म्हणाला. "परवाना माझ्या नावावर झाला. जुन्या दुर्बिणीला मालखान्यात बुरशी आली, म्हणून ही नवी. डुकरांनी अर्धं खाचर लोळवलंय, तात्या. वनखात्याचा कागद काढलाय, पण मुदत रविवारपातूर."

"मला मोतीबिंदू हाय."

"अजून? आठ वर्सांत पिकला न्हाई व्हय?"

आतून रतनबाई हसली. सोनबाला ते हसणं आवडलं नाही.

"दुसरीकडं जा," तो म्हणाला.

"आबांनी सांगितलंय तुमच्याकडंच जा म्हणून." अमृत ओट्याच्या पायरीवर टेकला. "शेवटी शेवटी तेवढंच बोलायचे. बंदुकीचा दोष न्हाई, सोनबानं लावलेली हुती. माझाच हात हालला. जेवताना उजवा हात समोर धरून बघत बसायचे, हालतोय का म्हणून. हालत नसायचा. मग म्हणायचे, तवा हालला आसंल."

रतनबाई चहा घेऊन आली, कप ठेवले आणि नवऱ्याकडे न बघता आत गेली.

सोनबानं घोडी काढली. पिशव्यांतला कोंडा उंदरांनी खाल्ला होता, नवा भरला. दुर्बीण बसवली, स्क्रू आवळले. बोल्ट काढून अमृतच्या हातात दिला. चष्मा पुसला आणि नळीत डोळा घातला.

हनुमंता होता. भर उन्हात, पाठमोरा, खांद्यावर टॉवेल. आठ वर्षांत तो म्हातारा झाला नव्हता, हे सोनबाला उगाचच खुपलं.

ठिपका त्याच्या पाठीआड होता. सोनबानं पिशव्या चेपल्या. खांद्यांच्या बेचक्यात, जिथे ठिपका असणार, तिथे नळी आणली. मग दुर्बिणीत पाहिलं. खांब मोकळा. चकत्या फिरवल्या, टिक-टिक, टिक. फुली ठिपक्यावर बसली. पुन्हा नळीत. हनुमंता. पुन्हा दुर्बिणीत. ठिपका. दोन्हींचं एकमत झालं होतं, फक्त कशावर ते सांगता येत नव्हतं.

"झालं?" अमृत म्हणाला.

"जा, मार" एवढे दोनच शब्द बोलायचे होते. अमृत खोळ उघडून तयार होता.

"कागदावर मारून बघू," सोनबा म्हणाला.

"काय?"

"तीन गोळ्या. कागदावर."

"तात्या, काडतुसं का झाडाला लागत्यात? तुमी बघितलं म्हंजी झालं की. आबा तर म्हणायचे, सोनबाच्या नळीला कागद लागत न्हाई."

"आबाला काय कळतंय," सोनबा म्हणाला आणि मेलेल्या माणसाबद्दल असं बोललो म्हणून ओशाळला. "कागद न्हाई तर रायफल मिळायची न्हाई. बोल्ट आण हिकडं."

बोल्ट हातात आल्यावर तो त्यानं कोपरीच्या खिशात घातला आणि ओट्यावरून उतरला.

वेल्ह्याच्या वाटेवर एक बंद पडलेली दगडाची खाण आहे, तिन्ही बाजूंनी उभा कडा. पोलीस पाटलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "डुक्कर खाणीत कवापासनं राहायला लागलं?" पण जा म्हणाला. अमृतनं शंभर पावलांवर कड्याला लागून पुठ्ठा उभा केला. सोनबानं पुठ्ठ्यावर मधोमध चुन्याचा ठिपका काढला. चुना त्यानं घरून पुडीत बांधून आणला होता.

अमृत आडवा झाला. दस्ता पिशवीवर. तीन गोळ्या, सावकाश, मधे श्वास घेऊन. प्रत्येक आवाज कड्यांमधून तीनदा फिरला आणि तोरण्याच्या बाजूला निघून गेला.

दोघं पुठ्ठ्यापर्यंत चालत गेले. ठिपका कोरा होता. तीन भोकं एकमेकांना चिकटून, तीन बोटांखाली झाकतील अशी, ठिपक्याच्या उजवीकडे पडली होती. सोनबानं वीत लावली. बरोबर एक वीत.

"माझा हात हालला," अमृत म्हणाला.

"तीनदा, एकाच जागी?"

अमृत पुठ्ठ्याजवळ वाकला.

"नळीची खोड हाय," सोनबा म्हणाला. "हिची आधीपासनं. नळी तीच हाय. म्या तवा कागदावर मारायला लावली असती, तर तवाच कळलं असतं. एक वीत डावीकडं घेतली असती, तर गोळी डुकराच्या छातीत बसून तिथंच राहिली असती. तुझ्या आबाचा हात हालला न्हाई. आबाचा नेम बरोबर हुता."

अमृतनं भोकांवर बोट ठेवलं. पहिलं, दुसरं, तिसरं. मग परत पहिलं.

"आबांना हे सांगायला पायजे हुतं, तात्या."

"व्हय."

"तीन वर्सं हात धरून बसत हुते."

"व्हय."

त्यानं शिवी दिली असती तर सोनबाला सोपं गेलं असतं. अमृतनं काडतुसांच्या तिन्ही रिकाम्या पुंगळ्या वेचून खिशात टाकल्या, कारण नवी काडतुसं घेताना त्या दाखवाव्या लागतात. सोनबानं चकत्या फिरवल्या. आणखी एक गोळी घालवली. ती ठिपक्यावर बसली. अमृतनं रायफल खोळीत घातली आणि मोटरसायकल सुरू केली.

"बसा मागं," तो म्हणाला. "सोडतो."

 उत्रोलीत उतरल्यावर अमृतनं विचारलं, "सखूकाकूला ठावं हाय?"

"न्हाई."

"म्या सांगणार न्हाई," अमृत म्हणाला आणि गाडी वळवली. हे त्यानं सवलत म्हणून म्हटलं नव्हतं, हे सोनबाला कळलं.

ऊन उतरलं होतं. सोनबा ओट्यावर बसला. घोडी रिकामी होती, बघायला नळी नव्हती. त्यानं चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्म्यावाचून आता त्याला शंभर पावलांवरचं काही दिसत नसे. ठिपका दिसेना. शेड दिसेना. खाचरांचा पिवळा धूर दिसत होता, आणि त्यात एवढा एक माणूस स्वच्छ दिसत होता, टॉवेलाच्या काठासकट.

रतनबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"तुला ठावं हुतं?" त्यानं विचारलं.

"चिठ्ठी चुलीत घातली तवा चूल कोण पेटवत हुतं?" ती म्हणाली. "मोतीबिंदू न्हाई, येवढं वाचता येतं मला. मग इचार केला, डोळं बरं असून माणूस आंधळा कशापाय होतो. सापडलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी ठिपका रंगवत हुता. म्हटलं, बोलतील कवातरी."

सोनबानं चष्मा घातला नाही.

"वेल्ह्याला जायचं," तो म्हणाला. "सखूबाईकडं."

"सकाळच्या येष्टीनं नसरापूरला उतरायचं, तिथनं वेल्ह्याची गाडी मिळती." तिनं हे इतक्या पटकन सांगितलं की गाड्यांच्या वेळा तिनं कधीच विचारून ठेवल्या होत्या हे उघड होतं. "उठवू का?"

पिवळ्या धुरात हनुमंतानं काठी उचललेली होती. डबडं अजून वाजलं नव्हतं.

"उठव," सोनबा म्हणाला.