अप्पांच्या चाकूबद्दल मी दिलेला जबाब

माझे वडील पूर्ण शहाणे असताना मी जपानी पोलिसांना सांगितलं, की यांचं डोकं ठिकाणावर नाही. ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

मी निघालो तेव्हा आयटीवाल्यांची जपानला जायची नुसती रीघ लागली होती. अप्पा विमानतळापर्यंत आले होते. दाराबाहेर मला ऐनवेळी धास्ती वाटली, की खोक्याचं वजन जास्त भरेल. अप्पांनी शर्टाच्या खिशातून कलमं बांधायचा चाकू काढला, सुतळी कापली, लोणच्याच्या दोन बरण्या बाहेर घेतल्या आणि खोकं पुन्हा आवळून दिलं. ‘तिकडे नियम कडक असतात म्हणे. पाळ,’ एवढंच म्हणाले. आई डोळे पुसत होती. मी मात्र ट्रॉली ढकलताना मनातून खूश होतो, हेही आता लिहूनच टाकतो.

रत्नागिरीजवळ आमची आंब्याची बाग आणि कलमांची लहानशी नर्सरी आहे. वानरं आणि डुकरं यायची, म्हणून अप्पांकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक. बागेत फिरताना ती त्यांच्या खांद्यावर असे, पण बागेचा दगडी गडगा ओलांडून ती कधी बाहेर गेली नाही. निवडणूक लागली की सांगणं यायच्या आधीच ते ती पोलीस ठाण्यात जमा करून येत आणि पावती देवघरात ठेवत. शस्त्राचा कायदा मला शिकवला तो त्यांनीच.

टोकियोत, निशी-कसाईला, पहिल्याच आठवड्यात कंपनीतल्या एचआरच्या बाईंनी आम्हा नव्या लोकांना समोर बसवून नियम सांगितले. कचरा कसा वेगळा करायचा, ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही, वगैरे. मग म्हणाल्या, बंदूक तर या देशात विसराच, पण साधा चाकूसुद्धा तसंच कारण असल्याशिवाय जवळ बाळगून पार्कात, रस्त्यावर फिरायचं नाही. आमच्यातला एक नागपूरकर हळूच म्हणाला, ‘बरं झालं बाप्पा, तलवार घरीच ठेवतो.’ आम्ही हसलो. म्हणजे नियम मला ठाऊक होता.

आई गेल्यानंतर अप्पांना तीन महिन्यांसाठी आणलं. चाकू त्यांच्या बॅगेतून आला. सकाळी पार्कात जाताना तो खिशात असायचा आणि मला दिसायचा. ‘अप्पा, तेवढा घरी ठेवा,’ एवढं म्हणायला हवं होतं. पण मला साडेआठची ट्रेन गाठायची असायची आणि त्यांना नाही म्हणायची मला सवय नव्हती.

वादळ होऊन गेलं होतं. पार्कातल्या चेरीची एक फांदी अर्धवट मोडून साल सोलून लोंबत होती. कलमं करणाऱ्या माणसाला असली जखम बघवत नाही. अप्पांनी चाकू उघडला आणि फाटलेली साल नीट तासायला घेतली. घसरगुंडीजवळ मुलं होती. उघडा चाकू हातात धरलेला परदेशी म्हातारा बघून कुणीतरी पोलिसांना फोन केला. मी अप्पांच्या खिशात पत्ता आणि माझा नंबर लिहून दिलेला होता, त्यावरून मला ऑफिसात फोन आला.

स्टेशनजवळच्या कोबानमध्ये, म्हणजे पोलीस चौकीत, अप्पा खुर्चीत ताठ बसले होते. पोलीस माझ्याच वयाचा, फार सौम्य. त्याने विचारलं, ‘वडिलांना चाकू कशाला लागतो?’ खरं उत्तर सोपं होतं: ते कलमं बांधतात, झाडाची जखम साफ करत होते. पण माझं व्हिसा नूतनीकरण चालू होतं. मग तो विचारणार, सरकारी झाडाला हात कुणाच्या परवानगीने लावला? नियम तुम्हाला माहीत होता का? मी कपाळाशी बोट नेलं आणि जपानीत म्हणालो, वय झालंय, काय करतात ते त्यांना कळत नाही. अप्पा तेव्हा भिंतीवरचा नकाशा बघत होते. निदान मला तसं वाटलं.

पोलिसाचा चेहरा एकदम मऊ झाला. त्याने चहा आणला. लहान मुलाशी बोलावं तसा अप्पांशी हळूहळू, मोठ्याने बोलला. मी जबाबावर सही केली, चाकूवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. ‘यांना एकटं बाहेर सोडू नका,’ असं त्याने मला बजावलं.

बाहेर आल्यावर अप्पांनी विचारलं, ‘काय सांगितलंस रे त्यांना?’

‘म्हटलं, चाळीस वर्षं कलमं बांधतायत.’

‘तरीच चहा दिला. आणि चाकू?’

‘इथला नियम आहे, अप्पा.’

‘नियम असेल तर प्रश्नच नाही. पावती घेतलीस ना?’

‘घेतली,’ मी म्हणालो.

पुढचे पाच आठवडे मी त्यांना पार्कात एकटं जाऊ दिलं नाही. थंडी आहे, रस्ता चुकाल, असं काहीबाही सांगत राहिलो. ते बाल्कनीत बसून राहायचे. शेवटी म्हणाले, ‘तिकीट अलीकडचं मिळतं का बघ.’

आता आम्ही टोकियोला लागून असलेल्या उरायासुला राहतो, स्वतःच्या घरात. मुलगी माझ्या मराठीला जपानीत उत्तर देते. मला इथला कायमचा परवाना मिळाला, त्यालाही बरीच वर्षं झाली. आणि तिकडे पडवीत अप्पा आल्यागेल्याला अजून सांगतात, की जपानचे पोलीस बघा, कलमवाला म्हटल्यावर चहा पाजतात. माझं गावचं घर आता तेच आहे. माझं खोटं जिथे अभिमानाने सांगितलं जातं, ते.

मागच्या आठवड्यात धाकट्या भावाचा, सुधीरचा, फोन आला. ‘दादा, अप्पांचे हात कापतात. बंदूक द्यायला ऐकत नाहीत. आपण दोघांनी लिहून देऊ या, की त्यांना आता काही उमजत नाही. तू सही केलीस की झालं.’

मी नाही म्हणालो. तो चिडला. ‘तिकडे बसून नाही म्हणायला तुझं काय जातंय?’ त्याचं बरोबर आहे. हात कापत असतील तर बंदूक जायला हवी, आणि तिच्या शेजारी राहतो तो. पण अप्पांना उमजतं. ज्यांनी एक पावती कधी हरवली नाही, त्यांना समोर बसून सांगितलं तर ते स्वतः ठाण्यात जातील. कदाचित नाही जाणार. पण त्यांच्या पाठीमागे त्यांच्या डोक्याबद्दल मी दुसरी सही करणार नाही.

पुढच्या महिन्याचं तिकीट काढलं आहे. हे छापून येईपर्यंत मी गावी पोचलेला असेन. बायकोला निघण्यापूर्वी सांगेन. सुधीरला पडवीत, अप्पांच्या समोरच सांगेन. बंदुकीचं बोलणं त्यानंतर.

मला अप्पांची माफी मागायची आहे. ती अजून मागितलेली नाही.