माझ्या सत्कारात अडकलेली सुनीता

सेनगावच्या पुढच्या एका तांड्यावरच्या शाळेने सत्काराला बोलावलं आणि मी लगेच हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, गुदगुल्या झाल्या. पत्रात मला 'परदेशस्थ क्रीडा मार्गदर्शक' असं लिहिलं होतं. मी राहते पुण्यात, कोथरूडला.

हे परदेश प्रकरण आधी सांगते. मी मूळची वसमतची. कॉलेजात आठशे मीटर धावायचे, विद्यापीठाच्या संघात होते. बी.ए. झाल्यावर टांझानियातल्या एका खेड्यात आठ महिने स्वयंसेवक म्हणून गेले, शाळेतल्या मुलींना धावायला शिकवायला. गेले तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, परतले तोवर हिंगोली झाला होता. मधल्या काळात क्रीडा कोट्यातली भरती होऊन गेली. 'फुकट राबून आली आणि हातची नोकरी घालवली,' असं आमच्याकडे लग्नाकार्यात अजून ऐकवतात. ऐकवू देत. आज मी क्रीडाशिक्षकांना प्रशिक्षण देते, ते त्या आठ महिन्यांच्या जोरावर.

तिथली म्हातारी हेडबाई एकदा बड्या पाहुण्यांना म्हणाली होती, "झाडाखाली बसा. आधी मुलींची शर्यत, मग तुमचं स्वागत." पाहुणे निमूट बसले. हा किस्सा मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते, टाळ्याही मिळतात.

तर प्रवास. पुण्याहून परभणीपर्यंत रेल्वे, तिथून एसटीने वसमत, मुक्काम बहिणीकडे. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून औंढ्यावरून हिंगोली. औंढ्यापर्यंत रस्ता बरा, पुढे खड्डेच खड्डे. पाठीचं दुखणं असेल तर मागच्या सीटवर बसू नका. हिंगोलीहून सेनगावला वडाप जीप मिळते, वीस रुपये. चौदा माणसं भरल्याशिवाय ती हलत नाही, आणि चौदा झाल्यावर ड्रायव्हर आणखी दोघांची वाट बघतो. २००७ चा ऑक्टोबर होता, सोयाबीनची काढणी चाललेली. लोकांनी रस्त्यावरच पीक पसरलेलं आणि जीप खुशाल त्यावरून जात होती. तेवढीच मळणी!

नरसीला मी उतरले. शाळेत नऊला पोचायचं होतं, पण म्हटलं, आलोच आहोत तर नामदेवांचं दर्शन घेऊ, ब्लॉगसाठी फोटो काढू. दर्शन झालं, गरम भजी झाली, दोन चहा झाले. भजी चांगली होती, हेही लिहायला मला आता लाज वाटते. शाळेत पोचले तेव्हा सव्वादहा झाले होते.

फाटकाशी लेझीम पथक उन्हात उभं. पुढे आरतीचं ताट घेऊन एक नववीतली मुलगी, हिरवी नऊवारी नेसलेली, घामाने कुंकू ओघळलेलं. तिने ओवाळलं. मग शाल, श्रीफळ, फेटा. मग सरपंचांचं भाषण, मग केंद्रप्रमुखांचं. दोघांनीही माझ्या त्यागाबद्दल सांगितलं. मी मान खाली घालून विनयाने हसत होते. ती मुलगी ताट धरून शेजारीच उभी होती आणि सारखी कार्यालयातल्या घड्याळाकडे बघत होती. साडीच्या काठाखाली तिचे कॅनव्हासचे बूट दिसले, नाड्या घट्ट बांधलेल्या.

"कुठं जायचंय का तुला?" मी हळूच विचारलं.

"व्हय ताई. हिंगोलीला पळायची चाचणी हाय. अकराला."

घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

मी मुख्याध्यापकांना बाजूला घेतलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, याचाच मला जास्त संताप येतो. म्हणाले, "मॅडम, नऊला कार्यक्रम अन् साडेनऊला जीप, असं बराबर ठरलं होतं. तुमालाच उशीर झाला. सुनीता पंधराशे मीटरला तालुक्यात पहिली हाय."

"मग तिला पाठवायचं ना! ताट दुसरीनं धरलं असतं!"

"पहिल्या नंबरचीच पोरगी ताट धरते आमच्याकडं. हा मान हाय तिचा. दुसरीला काहून द्यावा?"

त्यांना खरंच कळत नव्हतं मी का ओरडतेय ते. क्रीडाशिक्षक चाचरत म्हणाले, "तिचं या गटातलं हे शेवटचं साल हाय. निवड झाली तर क्रीडा वसतिगृहात नंबर लागंल. न्हाईतर इथं दहावीनंतर शाळाच न्हाई."

मी शाल खुर्चीवर टाकली, फेटा काढला. आभारप्रदर्शन राहिलं म्हणून सरपंच रुसले, रुसू देत. सुनीता आणि मी तिच्यासाठी थांबवून ठेवलेल्या जीपमध्ये बसलो. वाटेत तिने साडी सोडली. आत धावायचे कपडे घातलेलेच होते. सकाळी सहापासून.

"तू सांगायचंस ना गं कुणाला तरी!" मी तिच्यावरच खेकसले. किती सोपं असतं लहानांवर चिडणं.

"सर म्हणले, ताई येऊन राहिल्या, परदेशातून येऊन राहिल्या. मला वाटलं तुमाला लई लांबून यावं लागतंय."

नरसीचा फाटा आला तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं नाही.

हिंगोलीच्या मैदानावर सव्वाबाराला पोचलो. मुलींची चाचणी आटोपली होती, नावं पुढे गेली होती. मी भांडले, आवाज चढवला, पुण्याचं ओळखपत्र दाखवलं. टेबलावरचा माणूस शांतपणे म्हणाला, "एकीसाठी परत पळवलं तर बाकीच्या पोरींवर अन्याय न्हाई का?" त्याचं बरोबर होतं. त्या दिवशी सगळ्यांचंच बरोबर होतं, म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं.

परत जाताना सुनीताने विचारलं, "ताई, तुमी गेल्या होत्या तिकडं पाहुणे आल्यावर पोरी काय करतात?"

तोच झाडाखालचा किस्सा मी शेकडो शिक्षकांना ऐकवला होता, तिला सांगायला तोंड नव्हतं.

पुण्याला येऊन महिना झाला. नोकरी गेली तेव्हा कधी वाटलं नाही की ते आठ महिने वाया गेले. आता वाटतं. एक गोष्ट शिकून आले होते, तीही भज्यांपुढे विसरले. परवा मुख्याध्यापकांचा फोन आला. मला वाटलं, सुनीताबद्दल काही असेल.

"मॅडम, तुमचा सत्कार अर्धाच राहिला," ते म्हणाले. "एकदा पुन्हा या. ताट सुनीताच धरंल. आता ती रिकामीच असती."