सोमारीच्या मायचा आवाज

माझा धाकटा भाऊ अश्वजित आमच्या सावली गावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. स्वभावानं गरीब, पण एकदा डोक्यात घेतलं की कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

चंद्रपुरात शिकायला होता तेव्हा आडनाव ऐकून तीन घरांनी त्याला खोली नाकारली. ते त्यानं एका मोठ्या कंपनीच्या साइटवर लिहिलं, तर शेकडो जणांनी तक्रारी करून त्याचं खातंच बंद पाडलं. "ताई, दुसऱ्याच्या वावरात किती दिवस उभं राहाचं?" म्हणाला, आणि दुकानातल्या मशीनवर त्यानं स्वतःची साइट उभी केली. नाव 'बांधी'. बांधी म्हणजे धानाचं खाचर. एका बांधीतलं पाणी पुढच्या बांधीत जातं, पण धुरा, म्हणजे बांध, ज्याचा त्याचा. तसंच हे. अशा कितीतरी साइट एकमेकींना जोडलेल्या, सगळ्यांचा मालक असा कोणी नाही. आमच्या मोहल्ल्यातली, आसपासच्या गावांतली तीनेकशे माणसं तिथं आली. नियम एकच, कोणाच्या जातीचं नाव घ्यायचं नाही. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

सोमारी आली आलापल्लीकडून, दवाखान्यात नर्स म्हणून. गोंडाची पोर, हसरी, तोंडानं फटकळ. आमच्याच घराच्या मागच्या खोलीत राहायची. तिची माय आंधळी. झाडापाखरांची गोंडी नावं, कोणत्या महिन्यात कोणता कंद खणायचा, असलं सगळं म्हातारी बोलायची आणि सोमारी ते तिच्याच आवाजात फोनमध्ये भरून बांधीवर ठेवायची. जंगलाच्या काठावर जन्म काढून आम्हाला जी झाडं ओळखू येत नव्हती, ती त्या आंधळीनं ओळखायला शिकवली. पावसाळ्यात म्हातारी वारली. सोमारीचा फोन त्याआधीच पाण्यात पडून गेला होता. "बांधीवर हाये ना माय," ती म्हणायची.

दिवाळीनंतर आमच्या आईनं, बायनाबाईनं, तिला खोली सोडायला सांगितलं. कारण काय, तर "हे जंगलातले लोकं, काय शिजवतीन भरोसा नाई." अश्वजितला खोली नाकारणाऱ्यांना वर्षभर शिव्या घालणारी आई ती हीच. सोमारीनं ते जसंच्या तसं बांधीवर लिहिलं, आईचं नाव घालून, आमची जात घालून, स्वतःचीही घालून. मग सुट्टी टाकून गावी गेली.

झालं, मोहल्ला पेटला. बाहेरचे हसतील, आपलीच बदनामी! आई अश्वजितपुढं रडली, "तुया मायले गावभर नागवं केलं तिनं, अन् तू पाहून राह्यला?" चाळीस तक्रारी गेल्या. त्यांत एक माझी होती, खोटं कशाला बोलू? आई चुकली हे मला कळत होतं, तरी मी बटण दाबलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. आमचं तर चांगलं जळून झालं होतं.

अश्वजितनं नियमावर बोट ठेवलं आणि सोमारीचं खातं पुसून टाकलं. पुसल्याचा निरोप जोडलेल्या साइटना जातो आणि त्याही आपल्याकडची नक्कल पुसून टाकतात. हे त्याला माहीत होतं. त्या रडारडीत त्याच खात्यातल्या म्हातारीच्या आवाजाची आठवण मात्र त्याला झाली नाही. मलाही झाली नाही.

महिन्यानं सोमारी दुकानात आली. मी तिथंच होते. भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं नवा फोन काउंटरवर ठेवला. "भाऊ, मले परत घेऊ नका. मायचा आवाज तेवढा इच्यात टाकून द्या."

जुन्या नकला अश्वजित आठच दिवस ठेवायचा. तरी तासभर शोधत राहिला, तेच तेच फोल्डर पुन्हा उघडत. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "नाई राह्यला, बाई."

सोमारीनं फोन पिशवीत टाकला. दारापर्यंत गेली आणि वळली.

"मी नाव घेतलं, मले काढलं. मायनं कोनाचं नाव घेतलं होतं, भाऊ?" मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "ताई, तुमी तरी सांगा."