शरयूची बुडी

जबलपूरच्या अधारतालची शरयू शेवडे खोल समुद्रात उतरणाऱ्या पाणबुडीची चालक होती. सहा हजार मीटर खाली, तळावर बटाट्याएवढे काळे गोळे पसरलेले असतात आणि त्यांत निकेल, कोबाल्ट असतं. ते पाहायला तिघं जाणार होते: शरयू, दुसरा चालक रजनीश आणि वयस्क शास्त्रज्ञ डॉ. राघवन.

तिघांच्या सरावाच्या बुडीत पाचशे मीटरवर रजनीशचा धीर सुटला. "मुझे बाहर निकालो!" म्हणत तो झाकणाच्या कडीला झोंबला. शरयूने एका हाताने त्याला दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने पाणबुडी वर आणली.

चौकशीत रजनीशने सांगितलं की घाबरली ती शरयूच. रजनीशचे सासरे चौकशी समितीवर होते आणि राघवनना मोहीम गमवायची नव्हती. राघवन खाली बघत म्हणाले, "रजनीश म्हणतो ते खरं आहे."

शरयूला काढून टाकलं. आईने विचारलं, "तू काहून भांडली नाही गं?"

"भांडले ना, आई. कोणी ऐकूनच नाही राहिलं."

ती जबलपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवू लागली. वर्षभराने रजनीश तळ गाठून आला. शाळेने त्याचा सत्कार ठेवला आणि मुख्याध्यापिकेने पुष्पगुच्छ शरयूच्याच हाती दिला.

गुच्छ घेऊन रजनीश माइकवर हसत म्हणाला, "ये दीदी भी मेरे साथ उतरी थीं. पाँच सौ मीटर पे ही रो पड़ीं."

सगळी शाळा हसली. शरयूच्या वर्गातली मुलं सगळ्यांत मोठ्याने हसली. मग फोटोसाठी तिला त्याच्या शेजारी उभं केलं.